रस्ता तेवढाच, घरे अनेक

मुंबईचे विलेपार्ले हे उपनगर एके काळी टुमदार बंगल्यांसाठी प्रसिद्ध होते. पुढे शहराची वस्ती वाढली आणि पुष्कळशा बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. आता त्याही जीर्ण झाल्या असून त्यांच्या जागी अधिक उंच इमारती होत आहेत. घरे वाढतात, आतला रस्ता मात्र बहुधा पूर्वीइतकाच राहतो.

म्हणून जुने रहिवासी चिंतातुर होतात. नळाला पाणी पुरेल काय? गटारे तुंबणार नाहीत ना? इतकी वाहने कोठे उभी करावयाची? आग लागल्यास बंब आत शिरेल काय? या शंका अनाठायी नव्हेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची जुनी गटारे ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. व्यवस्था अपुरी असली म्हणजे केवढा अनर्थ होतो, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

परंतु दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. विरार किंवा कल्याणहून दररोज गर्दीत उभे राहून कामावर येणाऱ्या माणसालाही जवळ घर असावेसे वाटते. शिवाय आजच्या रहिवाशांपैकी अनेकांचे वाडवडील बंगला पाडून बांधलेल्या इमारतीतच राहावयास आले होते. त्या काळच्या शेजाऱ्यांनी त्यांना येऊ दिले नसते, तर त्यांनी कोठे जावे?

तेव्हा नव्या माणसांना विरोध करणे न्याय्य नाही; अव्यवस्थेला विरोध करणे मात्र आवश्यक आहे. त्यासाठी कायद्याने मार्ग दिला आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की त्यावर हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. शहरातील झाडे तोडण्यासही १९७५ च्या अधिनियमानुसार परवानगी लागते. घरात बसून कुरकुर करण्यापेक्षा हा अधिकार बजावणे अधिक हिताचे होय.

आधी पाणी, निचरा व रस्ता यांची सोय आणि मग मजले, हा क्रम शासनाने कटाक्षाने पाळावा. नवी घरे सामान्यांच्या आवाक्यात राहतील, हेही पाहावे. येणाऱ्यास जागा मिळावी आणि राहणाऱ्याची सोय टिकावी, यातच नगराचे खरे कल्याण आहे.