सेवाज्येष्ठतेची शिडी

अमेरिकेत तपकिरी रंगाच्या गाड्यांतून घरोघर पार्सले पोहोचविणाऱ्या ‘युनायटेड पार्सल सर्व्हिस’ ऊर्फ यूपीएस या कंपनीत एक जुनी वहिवाट आहे. कित्येक वर्षे दारोदार सामान पोहोचविलेला चालक, लांब पल्ल्याच्या मालमोटारीवर जागा निघाली की, इच्छुकांच्या यादीत आपले नाव घालतो. त्याची सेवा इतर इच्छुकांपेक्षा अधिक असेल तर ती जागा त्याला मिळते. तेथे या कामाला ‘फीडर’ म्हणतात. मालक तोच, संघटनाही तीच. काम मात्र बदलते. वरवर पाहता ही एका कंपनीतील अंतर्गत बदलीची बाब आहे. परंतु श्रमिकाच्या आयुष्यावर हुकमत कोणाची, हा कामगार चळवळीचा मूळ प्रश्न या साध्या बदलीत दडलेला आहे.

प्रथम या दोन कामांतील फरक पाहू. पार्सलवाल्याचा दिवस चढ-उताराचा असतो. कोणत्या दारी आधी जायचे याचा क्रम संगणक ठरवितो आणि गाडीवरील यंत्रे त्याच्या प्रत्येक थांब्याची नोंद ठेवतात. एकेका पार्सलाचे वजन १५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ६८ किलो, असू शकते. उन्हाळ्यात गाडीचा मागील भाग भट्टीसारखा तापतो. या कामात गुडघे, खांदे आणि कंबर आधी निकामी होतात. माणूस निवृत्तीला पोहोचतो तो त्यानंतर. याउलट फीडरचा चालक एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे भरलेले, बहुधा एकामागे एक जोडलेले दोन ट्रेलर ओढून नेतो. पाठीवर ओझे येत नाही. ताशी वेतनही थोडे अधिक असते. मात्र या कामाची किंमत वेगळी आहे. ते बहुतांशी रात्रीचे काम आहे. झोप मोडते आणि मुले जागी असतात तेव्हा बाप निजलेला असतो. हे सुख नव्हे. पण झिजलेल्या शरीराला निवृत्तीपर्यंत नेणारी ती एक वाट आहे.

ही वाट साहेबाच्या मर्जीवर अवलंबून नाही, यातच तिचे खरे मोल आहे. सेवाज्येष्ठतेने लायकीला वाव राहत नाही, असा आक्षेप मालकवर्ग नेहमी घेतो. परंतु जड वाहनाचा परवाना काही ज्येष्ठतेने मिळत नाही. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला विहित प्रशिक्षणही सक्तीचे झाले आहे. लायकीची कसोटी अशी आधीच लागलेली असते. त्यानंतर व्यवस्थापनाला ज्या ‘लायकी’ची पारख करायची असते, ती पुष्कळदा निमूटपणाची असते. तक्रार नोंदविणारा, संघटनेच्या सभेला जाणारा, उन्हाचा त्रास बोलून दाखविणारा चालक त्या पारखीत कधीच उतरणार नाही. यादीला मात्र कोणाचा चेहरा दिसत नाही.

ही यादी मालकाच्या औदार्यातून आलेली नाही. टीमस्टर्स या संघटनेच्या करारांनी ती टिकविली आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएसच्या १ लाख ८५ हजार कामगारांनी १५ दिवस संप केला, तो अर्धवेळ नोकऱ्यांच्या विरोधात. त्यातून अर्धवेळ कामे जोडून १० हजार पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. २०१८ च्या करारात मात्र त्याच कामासाठी कमी वेतनाच्या चालकांचा नवा वर्ग निर्माण झाला. मतदान करणाऱ्या बहुसंख्य सभासदांनी तो करार नाकारला होता. तरीही मतदान निम्म्याहून कमी झाले, या नियमावर बोट ठेवून नेतृत्वाने तो लागू केला. हा कलंक धुऊन निघाला २०२३ मध्ये. त्या वर्षी सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांनी संपाची तयारी केली. दुय्यम वर्ग रद्द झाला आणि १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या पार्सल गाड्यांत वातानुकूलन बसविण्याचे कंपनीने मान्य केले. संघटना सावध राहिली तरच करार जिवंत राहतो, हा या पाच वर्षांचा धडा होय.

आता या कंपनीबाहेरच्या रस्त्यावर काय चालले आहे ते पाहू. १९८० च्या कायद्याने अमेरिकेतील मालवाहतूक मुक्त स्पर्धेला खुली झाली. १९३८ च्या श्रम कायद्यातील जादा कामाच्या दीडपट वेतनाची तरतूद आंतरराज्य मालमोटार चालकांना मुळातच लागू नव्हती. जे काही संरक्षण होते ते संघटनेच्या करारांचे. ते करार ढासळल्यावर चालकाला बहुतेक ठिकाणी मैलावर पैसे मिळू लागले. गोदामाच्या दाराशी ताटकळलेल्या तासांना मोल उरले नाही. कित्येक कंपन्या चालकालाच हप्त्याने मोटार घ्यायला लावतात आणि त्या कर्जात त्याला जखडून ठेवतात. ही पद्धत बंद करावी, अशी शिफारस सरकारने नेमलेल्या गटानेच जानेवारी २०२५ मध्ये केली. मोठ्या कंपन्यांत वर्षाकाठी नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण अनेक वर्षे ९० टक्क्यांच्या आसपास होते. चालक मिळत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

अमेझॉनने तर याच्याही पुढे मजल मारली. तिचे पार्सल दारी आणणारा चालक बहुधा एखाद्या लहान कंत्राटदाराचा नोकर असतो. तिचा माल दूर नेणारा ट्रेलरही पुष्कळदा दुसऱ्याच वाहतूकदाराचा चालक ओढतो. गणवेशावर नाव एक, पगारपत्रकावर दुसरे. अशा माणसाने दहा वर्षे पार्सले वाहिली तरी मोठ्या गाडीवर जाण्याचा हक्क त्याने कोणाकडे मागावा? त्याची सेवा मोजणारा मालकच कागदावर नाही. कंत्राटी पद्धतीने कामगाराचे वेतन तर खाल्लेच, त्याची वर्षेही खाल्ली.

यूपीएसची शिडीही आज सुरक्षित नाही. तिच्या तळाशी गोदामातील अर्धवेळ कामगार आहेत. पूर्णवेळ जागेसाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. अमेझॉनकडून येणारा माल २०२६ च्या उत्तरार्धापर्यंत निम्म्याहून अधिक घटविण्याचे कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि एप्रिलमध्ये २० हजार नोकऱ्या व ७३ केंद्रे कमी करण्याची घोषणा केली. दोन केंद्रांपैकी एक बंद झाले की त्यांच्यामधली फेरीही संपते. काही माल रेल्वेवर आणि बाहेरच्या वाहतूकदारांकडे जातो, तेव्हाही वरच्या पायऱ्याच गळतात. चालू कराराची मुदत ३१ जुलै २०२८ रोजी संपेल. तोवर यादी भिंतीवर राहील. पण यादीत जागाच निघाल्या नाहीत तर तिचा उपयोग काय? म्हणून ज्येष्ठतेच्या हक्काबरोबरच कामाच्या जागा राखण्याचा लढाही लढावा लागेल.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पाठीवर पिशवी घेऊन धावणाऱ्या तरुणांना ‘भागीदार’ म्हणण्याची रीत पडली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना ओळख दिली आणि कंपन्यांच्या उलाढालीतून काही टक्के वर्गणीची तरतूद केली, हे खरे. पण नोकराचा दर्जा दिला नाही. त्यामुळे सेवेची गणना नाही आणि पुढच्या पायरीचा हक्कही नाही. याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून, ज्याला कायमचा मालक नाही अशा हमालाचीही मंडळाकडे नोंद करून दाखविली होती. जे हमालासाठी जमले ते पार्सल पोहोचविणाऱ्यासाठी का जमू नये?

आपल्या कार्यकर्त्यांनी या तरुणांकडे केवळ दरवाढीची मागणी घेऊन जाऊ नये. गोदामापासून मालमोटारीपर्यंत जो कोणी एका कंपनीचा माल वाहतो, त्या सर्वांची सेवा मोजणारी एकच यादी असावी आणि ती उघड्यावर लागावी, ही मागणी घेऊन जावे. अशी यादी लागली की कंपनीला ‘हा आमचा माणूस नव्हे’ असे म्हणता येणार नाही. मालकवर्गाला हे पुरते ठाऊक आहे. आता ते कामगाराला ठाऊक करून देणे हे आपले काम आहे.