जाण्याचा हक्क, राहण्याचा हक्क

थांबला तो सैतानाच्या हाती सापडला, चालत राहिला तोच वाचला, अशी श्रद्धा असलेला एक पंथ रशियात होता. पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक यांनी 2007 मधल्या आपल्या कादंबरीला त्याच पंथाचे नाव दिले, ‘बिएगुनी’. गती हीच मुक्ती, हा त्यातला विचार. 2018 चे नोबेल त्यांना मिळाले आणि तो जगभर गेला. रायगडच्या किनाऱ्याला तो कितपत पटावा?

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच किनाऱ्यावरच्या चौलला आला, तो घोडा विकायच्या बेताने. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरावरच्या कर्जापायी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, हा हिशेब. वाटेत बंड पेटले, झाशीच्या वेढ्यात ते अडकले, कमाई लुटली गेली. घरी आली ती गंगेची कावड. 1907 मध्ये त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक छापून निघाले. ज्याला पोटासाठी मुलूख सोडावा लागतो, त्याला गतीचे गोडवे ऐकवणे ही भरल्या पोटाची चैन, असा आक्षेप या पुस्तकाच्या आधाराने घेता येतो. आजही तो लागू आहे. रो-रो बोटीने मांडव्याला उतरणारा हौशी पाहुणा आणि रेवसच्या लाँचने नोकरीसाठी मुंबई गाठणारा गावकरी एकाच समुद्रातून जातात. निघण्याचा निर्णय मात्र दोघांचा सारखा मोकळा नसतो.

दुसरी बाजूही हलकी नाही. कम्युनिस्ट पोलंडमध्ये पासपोर्ट नागरिकाच्या घरी नसे, सरकारी कचेरीत असे. अशा देशातल्या लेखिकेने सीमा ओलांडण्याला मोल दिले, तर ती चैन नव्हे. शिवाय तिच्याच कादंबरीत अँजेलो सोलिमान आहे: लहानपणी आफ्रिकेतून युरोपात आणलेला, मेल्यावर व्हिएन्नात पेंढा भरून प्रदर्शनात मांडलेला, आणि त्याचा देह दफनासाठी मागणारी त्याची मुलगी. सक्तीची गती लेखिकेला दिसली आहे. उलट गोडसे भटजी गरजेपोटी निघाले, तरी तीर्थे, शहरे, दरबार पाहताना त्यांचे कुतूहल कर्जाची आठवण मागे टाकते. आणि जातीच्या ओळखीवर त्यांना ठिकठिकाणी मिळालेला आसरा त्या काळच्या प्रत्येक वाटसरूला मिळण्यासारखा नव्हता.

तेव्हा हौस विरुद्ध गरज ही वाटणी पुरत नाही. प्रवासवर्णनाला विचारायचे ते एवढेच: का निघालात, कुणाच्या आधारावर, आणि मागे राहिलेल्यांनी काय सोसले? भटजी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उघडपणे देतात, तिसऱ्यापाशी तोकार्चुक अधिक रेंगाळतात. सहलीचा कार्यक्रमच पुस्तक म्हणून छापणारे आपले पुष्कळ लेखक तिन्ही टाळतात. किनाऱ्याचा विकास आखणाऱ्यांनाही हेच प्रश्न लागू आहेत. जेट्टी आणि रस्ते हवेतच. पण वाडी न विकता गावात राहता येईल एवढा रोजगार नसेल, तर ती सोय फक्त येणाऱ्यांची. राहणे परवडते, तेव्हाच जाणे हे स्वातंत्र्य ठरते.