रद्दीत गेलेलं आमचं तिकीट

परवा रद्दीच्या दुकानात जुनी पंचांगं चाळत होतो. एका पंचांगात खुणेसाठी ठेवलेलं पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट निघालं. कुर्डुवाडी ते पंढरपूर, तिसरा वर्ग, भाडं नव्या पैशांत. दुकानदार म्हणाला, "न्या भाऊ, त्याचं काय वजन होतंय?"

वजन नाहीच. पण वाचता आलं तर हा दोन बोटांचा पुठ्ठा बरंच बोलतो. 'नवे पैसे' हे नाव १९५७ ते १९६४ एवढंच चाललं, म्हणजे तिकीट त्या सात वर्षांतलं. भाडं आण्यांत असतं तर आणखी जुनं. 'तिसरा वर्ग' दिसला की १९७४ च्या आधीचं, कारण त्या साली तो वर्गच बंद झाला. आणि कंपनीचं नाव 'बार्शी लाईट' असेल तर बहुतेक १९५४ पूर्वीचं, कारण त्या वर्षी सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली.

नव्या पिढीसाठी सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ ला बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी) ते बार्शी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज गाठलं. आपल्या आज्या-पणज्या याच गाडीनं वारीला, माहेराला, बाजाराला गेल्या. त्यांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत. त्यांच्या प्रवासाचा पुरावा म्हणजे हेच तिकीट.

आता माझी चूक सांगतो. २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज पूर्ण झाली. त्या दिवसांत मी याच मार्गाच्या बातम्या करायचो. एका स्टेशनात जुनी तिकिटं, वेळापत्रकं, भाड्याचे तक्ते, यात्रेच्या जादा गाड्यांची पत्रकं पोत्यांत भरलेली मी डोळ्यांनी पाहिली. बातमी केली ती नव्या गाडीची, फोटो छापला तो पेढे वाटणाऱ्यांचा. पोती कुठे चालली, एवढं साधं विचारलंही नाही. पत्रकार म्हणून ती चुटपूट आजही आहे.

जुनी इंजिनं रंगवून चौथऱ्यावर उभी करतात, पुढाऱ्यांचे फोटो निघतात. कागदाला चौथरा नसतो. १९३० च्या दशकात परदेशी प्रवाशांसाठी काढलेली भारतीय रेल्वेची रंगीत पोस्टर्स आज परदेशात लिलावाला येतात. आपल्या यात्रेची साधी पत्रकं मात्र भिंतीवर फाटली, नाहीतर चुलीत गेली. संग्राहकांनी विकत घेतली म्हणून त्यांना नावं ठेवू नका. त्यांनी घेतली म्हणून निदान उरली तरी. प्रश्न आपला आहे. बार्शी लाईटचं तिकीट बघायला लातूरच्या, बार्शीच्या पोरानं मुंबईच्या चोरबाजारात का जावं?

काही जण म्हणतील, आधी गाड्या वेळेवर आणा, प्लॅटफॉर्मवर सावली करा, मग जुने कागद बघू. मागणी रास्त आहे, मी स्वतः त्यावर लिहितोच. पण सार्वजनिक वाचनालयातलं एक कपाट आणि एक स्कॅनर यासाठी कुठलीही गाडी रद्द करावी लागत नाही. नगरपालिकेनं जागा द्यावी, कॉलेजच्या इतिहास विभागानं नोंदी कराव्यात. एवढीच मागणी आहे.

आणि तुमच्याकडून? दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक, आजोबांची डायरी, पोथ्यांची पानं एकदा झटकून बघा. तिकीट, पास, वेळापत्रक काहीही सापडलं तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या पाकिटात ठेवा आणि कोणाचं, कुठलं, ते पाकिटावर लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारून घ्या. तिकीट टिकेल, सांगणारा राहीलच असं नाही. मात्र स्टेशनवरची पाटी उचकटून आणू नका, तो संग्रह नव्हे, चोरी आहे.

मूळ वस्तू तुमच्याच घरी राहू द्या. फक्त दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा. पहिलं पाकीट मी तयार केलंय, कुर्डुवाडी ते पंढरपूर. कोणाचं, ते मात्र लिहिता आलं नाही.