त्यांची जबाबदारी कुठे लिहिली आहे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. शेजारच्या एका तालुक्यात पावसाळ्यात डोंगरातून एकवीस किलोमीटरची शर्यत होणार होती. प्रवेश-अर्जावर पालकांची सही हवी होती. आमच्या घरात सही करणारी मीच पहिली. आण्णांनी अंगठा उठवण्यापूर्वी विचारले, "यात काय लिवलंय त्ये वाचून दाव." मी वाचले : 'माझी पाल्य ही स्वतःच्या जबाबदारीवर शर्यतीत भाग घेत असून काही दुखापत, अपघात अथवा जीवितहानी झाल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत.' आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ही तुझी जबाबदारी झाली. आन् त्यांची कंच्या वळीत लिवलीया?"

मी अर्ज उलटसुलट करून पाहिला. तशी ओळ कुठेच नव्हती. मी हसले आणि म्हणाले, "आण्णा, असंच असतंय सगळीकडं." त्यांनी अंगठा दिला.

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज हा लेख लिहिते आहे तो त्याच प्रश्नाचे ओझे उतरवण्यासाठी. लहान तोंडी मोठा घास होत असेल तर क्षमा असावी.

शर्यतीच्या दिवशी डोंगरावर दाट धुके होते. नवव्या-दहाव्या किलोमीटरपाशी वाट फुटत होती. तिथे चुन्याने काढलेला बाण पावसाने धुऊन गेला होता आणि उभे राहायला माणूस नव्हते. आम्ही तिघी चुकीच्या वाटेने खाली उतरत गेलो. अंगातले कपडे भिजलेले, वारा झोंबणारा, दातावर दात वाजत होते. शेवटी एका गुराख्याने आम्हाला वाटेला लावले. आम्ही दोन तास उशिरा पोचलो तेव्हा मांडव सोडायचे काम चालू होते. बक्षिसे वाटून झाली होती, भाषणे झाली होती. तीन मुली आल्या नाहीत हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. कारण किती सुटले आणि किती पोचले याची मोजदादच कुणी केली नव्हती. आमच्याकडे तिन्हीसांजेला मेंढरे वाड्यात घालताना आण्णा रोज मोजतात. एक कमी भरले तर ते कंदील घेऊन पुन्हा रानात जातात. माणसांच्या शर्यतीत तेवढेही झाले नाही.

आम्ही वाचलो, म्हणून ती गोष्ट हसण्यावारी गेली. पण त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले, आणि चीनमधल्या एका शर्यतीपाशी येऊन थांबले.

चीनच्या वायव्येला गान्सू नावाचा प्रांत आहे. तिथे बायिन शहराच्या हद्दीत, जिंगताई परगण्यात, पीत नदीच्या काठी दगडी सुळक्यांचा एक प्रदेश आहे. त्याला 'पाषाणवन' म्हणतात. तिथे २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. सकाळी नऊ वाजता १७२ जण धावत निघाले. दुपारच्या सुमारास उंचावरच्या टप्प्यात हवा एकाएकी फिरली. थंडगार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा. पातळ कपड्यांतले धावपटू उघड्या डोंगरावर सापडले. रात्रभर हजाराहून अधिक माणसे शोध घेत होती. दुसऱ्या दिवशी हिशेब लागला : १५१ सुखरूप आणि २१ मृत. मृतांमध्ये लिआंग जिंग होता. देशभर नाव असलेला, याच शर्यतीत पूर्वी जिंकलेला. ऐकू न येणाऱ्यांच्या गटात राष्ट्रीय स्पर्धेत मॅरेथॉन जिंकलेला ह्वांग ग्वानजुन होता. म्हणजे ही नवशिक्यांची फजिती नव्हती. देशातले उत्तम धावपटू थंडीने गारठून गेले.

याला दैवी कोप म्हणावे काय? काहींनी तसे म्हटले. पण तपशील पाहिले की माझे मन ते मानत नाही. आदल्या रात्रीच हवामान खात्याने जोराच्या वाऱ्याचा इशारा दिला होता. शर्यत तरीही वेळेवर सुटली. दुसऱ्या चौकीपासून तिसऱ्या चौकीपर्यंतचा टप्पा सर्वांत अवघड. सुमारे आठ किलोमीटरमध्ये हजार मीटरची चढण. त्या तिसऱ्या चौकीपर्यंत वाहन जात नव्हते. तिथे खायला-प्यायला ठेवलेले नव्हते आणि माघार घेतली तरी खाली न्यायची सोय नव्हती. थोडक्यात, जिथे मदत सर्वांत जास्त लागणार तिथेच ती पोचणार नव्हती, आणि हे नकाशावर आधीच दिसत होते. धावपटूंनी जवळ बाळगायच्या सक्तीच्या वस्तूंत शिट्टी होती, ठिकाण दाखवणारे यंत्र होते, अंगाला गुंडाळायची पातळ चंदेरी चादर होती. वारा अडवणारे जाकीट मात्र सक्तीचे नव्हते, 'घ्यावे' एवढीच सूचना होती. पुष्कळांनी आपले उबदार कपडे पुढच्या, बासष्टाव्या किलोमीटरच्या चौकीवर पाठवून दिले होते. ऊब पुढे गेली आणि माणसे मागे राहिली. ती पातळ चादर वाऱ्याने फाडून नेली असे वाचलेल्यांनी सांगितले. पुढे सरकारी चौकशीतही संयोजनातील ढिसाळपणावर बोट ठेवले गेले.

आमच्या घरात एक शिस्त आहे. आभाळ कितीही निरभ्र असो, घोंगडी खांद्यावर टाकल्याशिवाय मेंढरांमागे जायचे नाही. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते. ही शिस्त कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या पावसात भिजून आलेली आहे.

आता या विषयावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. आमच्या वसतिगृहात मी हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "साहस म्हटले की धोका आलाच. धोका नको असेल त्याने मैदानावर फेऱ्या माराव्यात. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने डोंगरावर जातो, मग दुसऱ्याला दोष कशाला?" मला स्वतःला डोंगर आवडतो तो तो मैदानासारखा नाही म्हणूनच. प्रत्येक वळणावर रुग्णवाहिका उभी केली तर तो डोंगर राहणार नाही, हेही मला पटते.

पण या युक्तिवादात दोन ठिकाणी खोट आहे. एक म्हणजे, मर्जी ही माहितीवर उभी असते. पुढच्या चौकीवर पाणी नाही, तिथून परतीची सोय नाही, रात्री वाऱ्याचा इशारा आला आहे, हे ज्याला स्पष्ट सांगितले त्यानेच तो धोका पत्करला असे म्हणता येईल. न सांगितलेला धोका कुणी पत्करत नसतो, तो त्याच्यावर येऊन पडतो.

दुसरी खोट अधिक मोठी आहे. माणसाच्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली उतरले की शरीर गारठ्याच्या कचाट्यात सापडते. धावणारा माणूस धावण्यानेच ऊब निर्माण करत असतो. तो थकला, त्याचा वेग मंदावला, की ऊब कमी होते आणि भिजलेले कपडे व वारा मिळून उरलेली ऊब ओढून नेतात. आधी अंग थडथडते. मग बोटे चालेनाशी होतात, पाठीवरच्या पिशवीचा बंदही सुटत नाही. मग थडथड थांबते, आणि तीच खरी भीतीची वेळ. कारण तोवर बुद्धी मंदावलेली असते. आपण कुठे आहोत, परतावे की पुढे जावे, हे माणसाला उमगत नाही. म्हणजे ज्या क्षणी निर्णयाची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी निर्णय घेणारे डोकेच जागेवर नसते. मग 'ज्याची त्याची जबाबदारी' या वाक्याला काय अर्थ उरला? त्या क्षणी जबाबदारी घेणारे दुसरे डोके, शाबूत डोके, कुठेतरी असलेच पाहिजे. ते संयोजकाचे असायला हवे.

जगात असे संयोजक आहेत. युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवती २००३ पासून सुमारे १७० किलोमीटरची शर्यत होते. तिथे पाऊस अडवणारे टोपीचे जाकीट नसेल तर उभे राहू देत नाहीत. २०१० साली दोन हजारांवर धावपटू वाटेला लागल्यावर काही तासांतच हवा बिघडली, आणि ती शर्यत तिथेच थांबवण्यात आली. किती जणांचा हिरमोड झाला असेल! पण ते सगळे हिरमुसले होऊन का होईना, घरी गेले.

अमेरिकेतली गोष्ट तर आम्हा जनावरे पाळणाऱ्यांना विशेष पटण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात शंभर मैलांची घोड्यांची एक शर्यत होते. तिच्यात वाटेवर ठिकठिकाणी पशुवैद्य घोडा तपासतात. घोडा थकला असेल तर स्वाराची कितीही इच्छा असो, त्याला पुढे जाऊ देत नाहीत. १९७४ साली गॉर्डी एन्सली हा गडी त्याच वाटेवर घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांनी धावला आणि चोवीस तासांच्या आत पोचला. तिथून माणसांची शंभर मैलांची शर्यत सुरू झाली. घोडा बोलू शकत नाही म्हणून त्याच्यासाठी वैद्य उभा केला, हे योग्यच. पण गारठलेला माणूस तरी कुठे बोलू शकतो?

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ती पैशाची. गान्सूच्या शर्यतीत पहिल्याला १५,००० युआन होते आणि वेळेत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला १,६०० युआन. ज्याच्या घरी चार पैशांची चणचण आहे त्याला माघार घेणे किती जड जात असेल, हे मला कुणी सांगायला नको. आम्ही माण तालुक्यातली माणसे. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. त्यांच्याकडे पाहून आमच्या गावात मुली धावू लागल्या. धावायला फक्त पाय लागतात, असे आम्हाला वाटत होते. डोंगरी शर्यतीत मात्र जाकीट लागते, चांगले बूट लागतात, आणि त्यांची किंमत ऐकली की आण्णा मेंढरे मोजू लागतात. मग नुसता 'जाकीट सक्तीचे' हा नियम केला तर काय होईल? आमच्यासारख्यांना दार बंद होईल. आणि नियम केला नाही तर? दार उघडे राहील, पण ते दरीकडे उघडेल. म्हणून माझे म्हणणे असे की जो संयोजक एखादी वस्तू सक्तीची करतो, त्याने ती भाड्याने अथवा परतीच्या बोलीवर द्यायचीही सोय करावी. सुरक्षितता ही विकत घेणाऱ्याची चैन होता कामा नये.

त्या घटनेनंतर चीनमध्ये अशा शर्यती काही काळ बंदच करण्यात आल्या. मला बंदीचा मार्गही पटत नाही. विहिरीत कुणी पडला म्हणून विहीर बुजवत नाहीत, तिला कठडा बांधतात. बंदी घालणे सोपे असते, कारण त्यात मोजणी करावी लागत नाही, चौकीवर माणूस उभा करावा लागत नाही, विचारच करावा लागत नाही.

आपल्या महाविद्यालयाचा जिमखाना येत्या वर्षी डोंगरातून धावण्याची स्पर्धा घेणार आहे असे ऐकते. आनंद आहे; मी नाव देणारच आहे. पण त्याआधी काही गोष्टी नम्रपणे सुचवते. सुटणारे आणि पोचणारे मोजले जावेत आणि शेवटच्या धावपटूमागून एक जाणता माणूस चालत यावा. वाहन कुठे पोचत नाही ते आधी पायी फिरून पाहावे आणि तिथेच माणूस, पाणी व कोरडी पांघरुणे ठेवावीत. हवा बिघडली तर शर्यत थांबवण्याचा अधिकार एका व्यक्तीला लेखी द्यावा. पाहुणे आले आहेत, मांडव घातला आहे, या कारणास्तव तिला कुणी अडवू नये. माघारी फिरणाऱ्यालाही प्रमाणपत्र द्यावे, कारण वेळेवर परतणे हेही एक कौशल्य आहे. आणि अर्जावर आमच्या जबाबदारीच्या ओळीखाली संयोजकांच्या जबाबदारीच्या चार ओळी छापाव्यात.

शेवटी एका माणसाबद्दल लिहायचे राहिले. गान्सूच्या त्या डोंगरावर झू केमिंग नावाचा मेंढपाळ मेंढरे चारत होता. हवा फिरताच तो एका गुहेत आसऱ्याला गेला. तिथे त्याने अडीअडचणीसाठी कपडे आणि शिधा ठेवलेला होता. त्याने धावपटूंना आत घेतले, जाळ केला, त्यांना पांघरूण दिले. सहा जणांचे प्राण वाचले. तो शर्यतीचा संयोजक नव्हता. त्याच्याजवळ यंत्र नव्हते, पदही नव्हते. आपल्या रानात हवा कशी फिरते हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याची तयारी आधीपासून होती.

ही हकीकत मी आण्णांना सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्येला कुणी अर्ज भरून घेतला हुता का?"

यंदाच्या अर्जावर मी स्वतः सही करणार आहे. मला आता अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. पण सही करण्यापूर्वी अर्ज उलटून आण्णांनी विचारलेली ती ओळ मी शोधणार आहे. तुम्हीही शोधा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला