कर्जाचा वारसा नको!



ज्या घरात नुकताच पाळणा हलू लागला आहे, त्या घराशी आज आम्हाला चार शब्द बोलावयाचे आहेत. मूल येते तेव्हा घरात आनंद येतो. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दूध, औषध, कपडेलत्ते यांचा खर्चही येतो. मिळकत मात्र जेथल्या तेथे राहते. किंबहुना आई कामावर जात असेल तर तिची मजुरी बंद पडल्यामुळे ती घटते. नेमक्या याच वेळी सावकार दारात उभा राहतो. तेव्हा तरुण आईबापांनी स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे : आपण या मुलाच्या हाती काय देणार? विद्या, की कर्ज?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गरिबांना काटकसरीचा उपदेश करणे हा पोट भरलेल्या लोकांचा आवडता उद्योग आहे. त्या उद्योगात आम्हाला सामील व्हावयाचे नाही. आपले दारिद्र्य आपल्या उधळेपणातून जन्मलेले नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांना जमीन, विद्या आणि कामाचा योग्य मोबदला नाकारला गेला, त्यांच्या गाठीला पैसा कोठून असणार? म्हणून वाजवी वेतनाची मागणी सोडून वहीत तोंड खुपसून बसा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु हक्कासाठी झगडण्यास मनुष्य मोकळा असावा लागतो. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, तो मालकापुढे मान वर करून बोलू शकत नाही. म्हणून घरचा हिशेब ही केवळ घरची बाब नाही; ती स्वाभिमानाची बाब आहे.

भगवान बुद्धाने गृहस्थाला दारिद्र्याचे व्रत कधीच सांगितले नाही. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने त्यांस विचारले, की आम्ही बायकामुलांत गुंतलेली माणसे, आम्हाला झेपेल असे काही सांगावे. तेव्हा भगवंताने त्यास चार गोष्टी सांगितल्या : उद्योग करावा, कष्टाने मिळविलेले राखावे, चांगल्यांची संगत धरावी आणि मिळकत पाहून जगावे. तराजू धरणाऱ्यास पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थास आपली आवक-जावक कळली पाहिजे, असा तो दृष्टांत आहे. सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करून एक भाग आपत्तीसाठी ठेवण्यास सांगितले आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या मिळकतीत चौथा भाग उरतो कोठे? बरोबर आहे. सिगाल हा गृहपतीचा पुत्र होता, रोजंदार नव्हता. आपण त्यातले प्रमाण घेऊ नये, तत्त्व घ्यावे. चौथा भाग नसेल तर तिसावा भाग. पण तो आधी बाजूला काढलेला असावा, उरलासुरला नसावा.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, शहरातील एका जोडप्याची मिळकत महिना 15,000 रुपये आहे. खोलीचे भाडे 4,000, किराणा व भाजी 5,000, बाळाचे दूध-औषध 1,500, वीज, गॅस व मोबाइल 1,200, कामावर जाण्या-येण्याचे 1,300 आणि गावी आईवडिलांना 1,000. एकूण 14,000 झाले. हाती 1,000 राहिले. या हजार रुपयांतच त्या मुलाचे भवितव्य दडलेले आहे.

बाळाचा पहिला वाढदिवस येतो. शेजाऱ्याने मंडप घातला होता, मग आपण मागे का राहावे? शेकडा पाच रुपये महिना व्याजाने 10,000 रुपये काढले जातात. महिन्याचे व्याज 500 रुपये, म्हणजे उरणाऱ्या हजारातील निम्मे गेले. वीस महिन्यांत 10,000 रुपये व्याजापोटी भरून होतात आणि मुद्दल तसेच उभे राहते! तेच 500 रुपये दरमहा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत पाच वर्षे टाकले असते तर 30,000 रुपये आणि वर व्याज हाती आले असते. तेही मूल शाळेत जाण्याच्या वेळी. एका संध्याकाळच्या मंडपाची ही किंमत आहे. नवस, बकरे आणि जत्रा यांचा खर्च आम्ही विचारपूर्वक सोडला. तोच खर्च मंडप, केक आणि लाउडस्पीकर यांच्या रूपाने परत घरात शिरत असेल, तर आम्ही सोडले ते काय? आणि जो पैसा गुत्त्यात जातो त्याविषयी तर बोलावयासच नको. ती वाट बावीस प्रतिज्ञांनी आपण स्वतःच बंद केली आहे.

मग कर्ज कधीच काढू नये काय? तसे नाही. बाबासाहेब शाळेत शिकत असता त्यांच्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलीचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. तेही कर्जच होते. पण ते विद्येसाठी होते, ते फिटण्याचा दिवस ठाऊक होता आणि फेडीचा पैसा कोठून येणार हेही ठरलेले होते. कर्ज काढण्यापूर्वी आपणही हेच तीन प्रश्न विचारावेत : कशासाठी? केव्हा फिटणार? कशातून फिटणार? तिन्हींचे उत्तर मिळाले नाही तर हात आवरावा.

हजार रुपयांची व्यवस्था कशी लावावी हेही सांगतो. पहिले काम म्हणजे अडीनडीची शिल्लक. एका महिन्याचे भाडे आणि किराणा निघेल इतकी रक्कम बँकेच्या खात्यात साठेपर्यंत दुसरा विचार करू नये. त्याच खात्यातून विमा उतरवावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाताचा आणि जीवन ज्योती योजनेत 436 रुपयांत आयुष्याचा, प्रत्येकी 2 लाखांचा विमा मिळतो. दोन्ही मिळून महिन्यास 38 रुपये पडतात. मेअखेरीस हप्ता कापला जातो, त्या वेळी खात्यात तेवढी शिल्लक हवी. यानंतर मुलाची ठेव. मुलगी असेल तर ती दहा वर्षांची होण्यापूर्वी सुकन्या समृद्धी खाते उघडावे. त्यात वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी चालते.

जे आपल्या हक्काचे आहे त्यावर पैसा घालवू नये. सरकारी दवाखान्यात बाळाच्या लसी विनामूल्य टोचल्या जातात. अंगणवाडीचा पोषण आहार ही भीक नव्हे. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. तो दाखला आणि जातीचा दाखला जपून ठेवावा. बौद्धांना केंद्राच्या सवलतींची दारे 1990 साली दीर्घ लढ्यानंतर उघडली. कागद हरवल्यामुळे मुलाची शिष्यवृत्ती बुडाली, तर तो लढा त्या घरापुरता वाया गेला असे होईल.

अडचण आलीच तर सावकाराकडे जाण्याआधी भगिनींनी आपल्या बचत गटाकडे जावे. तेथे व्याज गटातच राहते. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. भगवंताने सांगितलेला कल्याणमित्र तो हाच : जो अडीला उभा राहतो आणि मंडपासाठी कर्ज काढू देत नाही.

शेवटची सूचना साधी आहे. एक वही घ्या. रोज रात्री, मूल झोपल्यावर, पतिपत्नींनी दोघांनी मिळून दिवसाचा खर्च तीत लिहावा. कमावणारा एक आणि झिजणारी दुसरी, पण हिशेब मात्र एकाच्याच खिशात, ही रीत समतेच्या घरात शोभत नाही. पत्नीस लिहिता येत नसेल तर त्या वहीवरच तिला अक्षरे शिकवावीत. ती वही मुलाने मोठेपणी उघडली आणि आपल्या पुस्तकांसाठी आईबापांनी कोणत्या महिन्यात काय बाजूला ठेवले हे वाचले, तर त्याला दुसरा वारसा कशाला हवा?

आमच्या आजोबांनी कर्ज घेतले, बापाने फेडले आणि आम्ही पुन्हा घेतले. हे चक्र आपल्या पिढीत थांबले पाहिजे. ते आज रात्रीपासूनच थांबवू या.

जय भीम!