पेंडीतील वायू आणि पेंडीचे मोल

खाद्यतेलाच्या बाबतीत आपला देश परावलंबी आहे, हे सर्वश्रुत आहे. गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. ही तूट कमी व्हावी म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये तेलबियांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. 2022-23 मधील सुमारे 390 लाख टनांचे उत्पादन 2030-31 पर्यंत 697 लाख टनांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तथापि तेल काढून घेतल्यावर मागे जे उरते, त्याचा विचार क्वचितच होतो.

उरते ते थोडे नसते. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम पाचवा हिस्सा. एरंडीतही ते निम्म्याहून कमीच. बाकी सारी पेंड आणि टरफले. हे सर्व 'टाकाऊ' समजून त्यापासून जैववायू व सेंद्रिय खत निर्माण करावे, अशी सूचना उत्साहाने मांडली जाते. ती मूलतः योग्य आहे. परंतु पेंड खरोखरच टाकाऊ आहे काय, हे प्रथम पाहावयास हवे.

शेंगदाणा, सरकी, सोयाबीन यांची पेंड हे गुराढोरांचे व कोंबड्यांचे खाद्य आहे. दुभत्या जनावराच्या तोंडचा घास काढून टाकीत घालणे शहाणपणाचे नव्हे. भुईमुगाची टरफले टाकीत नीट कुजत नाहीत. त्यांची जागा भट्टीत. निंबोळी पेंडीचे मोल तिच्या कीडरोधक गुणांत आहे. ती थेट शेतातच जावी. प्रश्न उरतो तो एरंडी, करंज यांसारख्या अखाद्य पेंडींचा.

देशातील बहुतांश एरंड गुजरातमध्ये पिकतो. त्याच्या पेंडीत रायसिन हे विष असल्याने ती गुरांना चालत नाही. खत म्हणून सरळ शेतात पडते. अपव्यय होतो तो येथे. तिच्यातील चार टक्क्यांच्या आसपासचे नत्र जमिनीला मिळते खरे, पण कार्बन कुजून बव्हंशी हवेत जातो. तीच पेंड हवाबंद टाकीत कुजविली, तर त्या कार्बनचा मोठा भाग मिथेनच्या रूपाने इंधन म्हणून हाती येतो आणि नत्र बहुतेक सारे स्लरीत शिल्लक राहते. मात्र निव्वळ पेंड घातल्यास अमोनिया वाढून जिवाणूंचे कार्य मंदावते, म्हणून शेण वा काडीकचरा मिसळणे आवश्यक असते. पेंडीसारखा सकस माल शेणाहून कितीतरी अधिक वायू देतो, हे पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी आग्रहाने मांडले होते.

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण किमतीत आहे. युरियाचे 45 किलोचे पोते शेतकऱ्यास सुमारे 266 रुपयांना मिळते; म्हणजे नत्राचा किलोमागे दर 13 रुपयांच्या आसपास पडतो. टनभर सेंद्रिय खतात 20 किलो नत्र धरले, तरी या हिशेबाने त्याची किंमत 260 रुपयेच होते. जमिनीचा पोत सुधारतो, त्याचे मोल बाजार करीत नाही. गोबरधन योजनेतील प्रकल्पांच्या खतास टनामागे 1500 रुपयांचे साहाय्य 2023 मध्ये मंजूर झाले, ते या दृष्टीने स्वागतार्ह होय.

परंतु अनुदानाने सारे साधत नाही. गोबर गॅसच्या प्रसारकाळात एक टीका वारंवार झाली: शेणाला भाव आला आणि भूमिहीनांना फुकट मिळणारे शेण हातचे गेले. पेंडीच्या बाबतीत तसेच घडू शकेल. वायू गिरणीमालकाच्या बॉयलरला, महागलेली पेंड शेतकऱ्याच्या माथी, अशी वाटणी झाल्यास या योजनेला ग्रामीण विकास कसे म्हणावे?

यास्तव टाकी गिरणीच्या आवारात असावी आणि स्लरी जवळपासच्याच शेतांत जावी. पाणीदार स्लरी दूर नेण्याचा खर्च परवडणारा नाही. जो शेतकरी बी आणून घालतो, त्याचा परत येणाऱ्या खतावर पहिला हक्क असावा आणि तो कराराने बांधलेला असावा. सहकारी तेलगिरण्यांनी हा पायंडा पाडावा. बियांबरोबर शेतातून गेलेले नत्र शेतात परत यावे, एवढी किमान अट तरी सरकारी साहाय्याला जोडावयासच हवी.