गेममधलं पात्र बोलतं, पण अभिनय कुणाचा?

मे 2025 मध्ये ‘फोर्टनाइट’ गेममध्ये डार्थ व्हेडर अवतरला आणि खेळाडूंच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं देऊ लागला. आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा होता. मात्र सप्टेंबर 2024 मध्येच त्यांचं निधन झालं होतं. हा आवाज त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने एआयने तयार केला होता.

मग वाद कशावरून?

‘सॅग-आफ्ट्रा’ या अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने तक्रार दाखल केली. आक्षेप असा, की कलाकारांचं काम एआयकडे देताना संघटनेशी बोलणीच केली नाहीत.

संगणकाच्या पात्रांना नाटकाचं तंत्र शिकवणं नवं नाही. 2005 मधल्या ‘फसाड’ या गेममध्ये खेळाडू एका जोडप्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो आणि मनाला येईल ते टाइप करतो. त्यावरून गेममधली यंत्रणा, एखाद्या दिग्दर्शकासारखी, पुढचा छोटा प्रसंग निवडते आणि नाट्य चढवत नेते. पण त्यातले संवाद माणसांनी लिहिलेले होते आणि आवाज कलाकारांनी दिले होते. व्हेडरच्या बाबतीत वाक्यही मशीनचं, आवाजही मशीनचा.

गेम कलाकारांचा संप जुलै 2024 मध्ये सुरू झाला, तो याच भीतीतून. जुलै 2025 मध्ये नव्या करारावर शिक्कामोर्तब झालं. डिजिटल प्रतिकृतीसाठी कलाकाराची संमती आता आवश्यक आहे आणि संपाच्या काळात ती स्थगितही करता येते.

थोडक्यात, तंत्र कितीही बदललं तरी मूळ अभिनय माणसाचाच आहे. प्रश्न आहे तो त्याला विचारण्याचा आणि त्याचे पैसे देण्याचा.